बॅटरीचं झबलं

थंडी अशी पडली होती की नळाचं पाणीसुद्धा आधी कुरकुर करायचं आणि मग भांड्यात पडायचं. उताराच्या गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचांवर दव गोठलं होतं, कुणी पिठाचा हात फिरवून गेल्यासारखं. सीटवाल्यानं तोंडावर पाणी मारलं, मारल्याबद्दल स्वतःलाच एक शिवी हासडली आणि पुढच्या खोलीतला दिवा लावला.

पुढची खोली म्हणजेच त्याचं दुकान. गाड्यांच्या सीटा शिवायचा त्याचा धंदा. भिंतीला टेकवलेले रेक्झिनचे गठ्ठे, कोपऱ्यात फोमच्या लाद्या, मधोमध जाडं कापड शिवायची मशीन, आणि आज जमिनीवर एका बसड्रायव्हरची सीट उताणी पडलेली. तिची स्प्रिंग एका बाजूनं पार बसली होती.

"माणूस कुठल्या ढुंगणावर जास्त भार टाकतो हे त्याच्या बायकोला ठाऊक नसतं, मला असतं," असं सीटवाला गिऱ्हाइकांना ऐकवायचा. आणि ती नुसती बढाई नव्हती. गाडीचा मालक समोर नसताना सीटवर हात फिरवून तो सांगायचा, की हा मागच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवून बसतो, हा घाबरट आहे, पुढं सरकून चाकाला कवटाळतो, आणि याचं घरी पटत नाही, हा जेवणसुद्धा गाडीतच उरकतो. पुढं कुणी विचारलंच तर म्हणायचा, "मी कुठं काय म्हणतोय? सीट म्हणते."

आज मात्र लक्ष सुईत नव्हतं. वाकडी सुई दोनदा बोटात शिरली. सकाळच्या बसनं त्याची बायको यायची होती.

ती गेली होती उन्हाळा संपता संपता, मुलीच्या बाळंतपणाला. बाळंतपण नीट पार पडलं, नातवानं मान धरली, तो टेकून बसायला लागला, आणि ही तिकडंच. कधी येतेस विचारलं की म्हणायची, "बघू." त्या 'बघू'ला ना शेंडा ना बुडखा. मग गेल्या आठवड्यात तिचाच फोन आला.

"सकाळच्या गाडीनं येते आणि दुपारच्या गाडीनं माघारी जाते. माझे गरम कपडे न्यायचेत. इथं फार गारठा आहे."

"एवढ्यासाठी कशाला दगदग? मी देतो की पाठवून."

"तुम्हाला सापडतील?"

सापडले असते. कपाटाच्या खालच्या खणात, डाव्या बाजूला. तो अधूनमधून खण उघडायचा आणि काही न घेताच बंद करायचा. पण तो म्हणाला, "मला कुठले सापडायला! तूच ये."

गरम कपडे न्यायचे म्हणजे थंडी तिकडंच काढायची. आणि थंडी तिकडं काढली, की मग इकडं यायला निमित्त तरी काय उरलं? एवढं त्याला कळत होतं. त्याच्या हातात ही एकच सकाळ होती. म्हणून तो घाईघाईनं म्हणाला, "स्टँडवर गाडी घेऊन येतो मी."

"गाडी? थंडीत?"

"सेल्फवर लागते आता. बघच तू."

सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला हिसका देणारी मोटर. या गाडीच्या सेल्फनं थंडीत कधी तोंड उघडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. गाडी त्यांनी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी घेतली, तेव्हाच ती दोन घरं नांदून आलेली. थंडी पडली की रात्री ती उताराकडं तोंड करून उभी करायची, हा त्या घरचा कायदा. सकाळी सीटवाला आत बसायचा, आणि बायको त्याचा जुना कोट चढवून, बाह्या सरसावून मागून धक्का द्यायची. गाडी घरंगळायला लागली की त्यानं दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा; गाडी दोन गचके खायची, खोकायची आणि पेटायची. पेटल्यावर थांबवायची सोय नाही, थांबवली की बंद. म्हणून तो चालत्या गाडीतून हात लांब करून शेजारचं दार उघडायचा, आणि ती धावत येऊन उडी मारून आत बसायची. धापा टाकत, हसत, नाक लाल झालेलं. समोर राहणारा गाड्यांचा मिस्त्री खिडकीतून ओरडायचा, "वहिनी, सर्कशीत नाव घाला!"

हे तिला आवडतं, असं सीटवाल्यानं धरूनच टाकलं होतं. पुढं हसू कमी झालं, धावणं कमी झालं, ती गुडघ्याला हात लावून आत बसायला लागली. याचे कान मात्र इंजिनाकडं.

मागच्या थंडीत एकदा गाडी पेटली, त्यानं सवयीनं दार उघडलं, पण ती आली नाही. तिचा पाय घसरला होता. मागची काच गोठलेली, त्यामुळं आरशात काही दिसेना. त्याला वाटलं, गेली असेल घरात. इंजिन गरम व्हावं म्हणून तो चौकापर्यंत गेला, तिथून बाजाराला मोठा वळसा घालून वरच्या बाजूनं गल्लीत आला. ती फुटपाथच्या कडेला बसली होती, विजेच्या खांबाला टेकून, एक चप्पल हातात. त्यानं काच खाली करून विचारलं, "इथं का बसलीस?"

ती उठली आणि लंगडत घरात गेली. पुन्हा त्या गाडीत बसली नाही. भांडली असती तर फार बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. हिनं तर गाडीचं नावच सोडलं.

ती मुलीकडं गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं, म्हणून त्यानं गाडी दुरुस्तीला काढली. मिस्त्रीकडून प्लग बदलून घेतले. नवी बॅटरी बसवली. आणि एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, ड्रायव्हरशेजारची सीट काढून दुकानात आणली. तिची सीट. वरचं रेक्झिन उसवलं आणि हात फिरवला, जसा हजारो सीटांवर फिरवला होता.

फोम एका बाजूनं दबलेला होता. दुखऱ्या गुडघ्यावर भार येऊ नये म्हणून माणूस अंग चोरून एका कुशीवर बसतं, तसा. आणि हा दाब काही एका थंडीचा नव्हता. कडेचा फोम पार पिठासारखा भुगा झाला होता; असं व्हायला वर्षं लागतात. सगळ्या गावाच्या बसण्या-उठण्याची खबर ठेवणाऱ्या माणसाच्या शेजारी, हातभर अंतरावर, हे चाललं होतं. त्या दिवशी त्यानं दुकान लवकर बंद केलं.

मग त्यानं ती सीट नव्यानं बांधली. ज्या कुशीवर ती बसायची तिथं टणक फोम, गुडघ्याखाली अलगद चढ, कडेला तिच्या आवडीच्या तपकिरी पायपिंगचा गोट. एवढं करूनही जीव राहिना. मिस्त्री एकदा सहज बोलून गेला होता की थंडीत बॅटरी आखडते. झालं. सीटवाल्यानं फोमचं अस्तर लावून बॅटरीला रेक्झिनचं जाकीट शिवलं.

आता उजाडायला लागल्यावर त्यानं कोटाची बटणं लावली आणि गाडीची काच खरवडली. आत बसून किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. पुढं काहीच नाही. चोक ओढून पाहिला, आत ढकलून पाहिला. बॉनेट उघडलं, उजेड हवा म्हणून पुढचे दिवे लावून ठेवले आणि प्लगच्या वायरी चाचपल्या. पुन्हा टक्. तेवढ्यात उताराच्या टोकाला बसचा हॉर्न ऐकू आला.

"काय सीटशेठ, सकाळी सकाळी कीर्तन कसलं?" मिस्त्री कानाला मफलर गुंडाळून, चहाचा कप हातात घेऊन आला. "टक टक ऐकतोय मघापासून. वाटलं सुतार आलाय."

"बडबड नको, बघ लवकर. बस आली तिची."

"दिवे कधीपासून लावलेत?"

"उजेडासाठी लावलेत."

"सासऱ्याची वीज आहे होय? बंद कर ते. आता सेल्फ मार आणि आतला दिवा बघ."

त्यानं किल्ली फिरवली. टक् झालं आणि आतला दिवा पार विझल्यासारखा झाला. किल्ली सोडली की पुन्हा उजळला.

"करंट जाताना कुठंतरी अडतोय," मिस्त्री म्हणाला. त्यानं कप मडगार्डवर ठेवला, वाकला आणि थबकला. "हे काय आहे?"

"जाकीट."

"कुणाचं?"

"बॅटरीचं."

मिस्त्रीनं एकदा बॅटरीकडं पाहिलं, एकदा सीटवाल्याकडं. "झबलं शिवलंस बॅटरीला? अरे, नातू तिकडं आहे तुझा! आणि ही काय, कॉलर?"

"वारा आत शिरू नये म्हणून."

"मग खिसा का नाही ठेवला?"

सीटवाला खाली बघत म्हणाला, "आहे. पलीकडून. पाना ठेवायला."

मिस्त्री इतका हसला की त्याला खोकला आला. मग त्यानं बॅटरीला वायर जोडणाऱ्या टर्मिनलच्या पकडीवर बोट ठेवलं, आणि हसणं थांबवून म्हणाला, "हात लाव इथं."

पकड गरम होती.

"सगळी गाडी बर्फ आणि एवढी एकच जागा गरम. दुखणं इथं आहे. तुझ्या कॉलरचं कापड पकडीच्या आत शिरलंय. तू वरून नट आवळलास, बरं घट्ट लागलं, पण धातूला धातू टेकलाच नाही. लहान दिव्यापुरता करंट जातो, जोर लावायची वेळ आली की नाही." त्यानं जाकीट ओरबाडून काढलं, पकड खरवडून पुन्हा बसवली. "मार आता."

सेल्फ एकदा कण्हला, अर्धा फेरा फिरला आणि बसला.

"बॅटरी उतरली. दिवे जाळलेस ना. आणि त्याआधी तरी चार्ज कुठून होणार होती? गाडी शेवटची कधी चालवलीस?"

सीटवाला संध्याकाळी गाडीत नुसता जाऊन बसायचा. चालवून जाणार कुठं?

"थांब, गॅरेजमधून दुसरी बॅटरी आणि जोडायची केबल आणतो."

"केबल कशाला? उतार आहे की."

दोघांनी मान वर केली. ती फुटपाथवर उभी होती, हातात रिकामी पिशवी, कानाला रुमाल बांधलेला. जरा वाळली होती. किंवा त्यालाच तसं वाटलं.

"अगं, मी निघतच होतो."

"दिसतंय ते." तिनं मिस्त्रीच्या हातातलं जाकीट घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. शिवण पाहिली, कॉलर पाहिली, खिशात दोन बोटं घालून पाहिली. ओठाचा कोपरा जरासा हलला. "बॅटरीला?"

"थंडी वाजते म्हणून," मिस्त्री म्हणाला.

"मी धक्का देणार नाही," ती नवऱ्याकडं बघून म्हणाली.

"तुला कोण सांगतंय? तू घरात जा, ऊब आहे. मी आणि मिस्त्री..."

"तुम्हीच द्या. मी बसते." पिशवी आणि जाकीट मागच्या सीटवर टाकून ती स्टिअरिंगच्या चाकामागं जाऊन बसलीसुद्धा.

मिस्त्रीनं बॉनेट लावून कप उचलला, तो वाटेतच थांबला. "वहिनी, येते तुम्हाला?"

"गाडी घेतली तेव्हा यांनी मैदानात चार चकरा शिकवल्या होत्या. मग यांना काम आलं. पण इतकी वर्षं मागून बघितली, बाजूनं बघितली. आता पुढून बघते."

"लायसन?"

"मिस्त्रीभावजी, तुम्ही चहा प्या."

सीटवाला मागं गेला. गार पत्र्याला दोन्ही तळवे टेकवले, तेव्हा तो नुसता गारठा नव्हता, सुयाच होत्या. तिला रोज हेच. त्यानं जोर लावला. गाडी हलेना. पायाखाली दव निसरडं, बोटं वाकेनात, छातीत हवा जाईना. दुसऱ्या जोराला गाडी तसूभर सरकली, मग हातभर, मग उतारानं तिला आपल्याकडं ओढून घेतलं. आतून तिनं क्लच सोडला. गाडीनं दोन गचके खाल्ले, खोकली, काळा धूर सीटवाल्याच्या तोंडावर सोडला आणि पेटली.

"पळ!" मिस्त्री ओरडला.

तो पळाला. पण दार उघडलं नाही. गाडी उतार उतरली, चौकाशी वळली आणि दिसेनाशी झाली.

तो धापा टाकत उभा राहिला. मग फुटपाथच्या कडेला, खांबाजवळ बसला. दगड असा गार की कळ थेट माकडहाडात गेली. मिस्त्री शेजारी येऊन उभा राहिला. त्यालाही मागची थंडी आठवत असणार.

सीटवाल्याला पहिल्यांदाच कळलं, की इथं बसलं की नुसता आवाज ऐकू येतो. चौकातून बाजाराकडं जाणारा आवाज. मग तोही नाही. मग दुसऱ्याच गाड्या. आपली गाडी येतेय असं प्रत्येक वेळी वाटतं आणि दुसरीच कुणीतरी निघून जाते. दुपारची बस तिनं धरली काय, आताच गाडी घेऊन थेट मुलीकडं गेली काय, त्याला कुणाला विचारायला तोंड नव्हतं. पिशवीही तिची गाडीतच होती.

"येतील," अखेर मिस्त्री म्हणाला.

"हो."

"पेट्रोल किती आहे?"

"भरपूर," सीटवाला म्हणाला, आणि हे सांगताना त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

वरच्या बाजूनं आवाज आला. आता चुकायची सोय नव्हती. पहिल्या गिअरला कण्हणारी ती एकच. गाडी हळूहळू गल्लीत आली. तिनं काच खाली केली आणि खांबापाशी वेग कमी करून विचारलं, "इथं का बसलात?"

त्यानं उठण्यासाठी खांबाचा आधार घेतला.

"चढा. थांबवणार नाही मी." आणि आतून दार उघडलं.

तो उठला, धावला, दाराला लटकला आणि कसाबसा सीटवर आदळला. मागून मिस्त्री ओरडला, "सीटशेठ, आता सर्कशीत तुम्ही घाला नाव!"

एक वळण गेलं, दुसरं गेलं. तिचे दोन्ही हात चाकावर घट्ट, नजर समोर. तो सीटवर चुळबुळत होता.

"नीट बसा की."

"ही मला बसत नाही. तुझ्या मापाची आहे."

तिनं ओझरतं पाहिलं. चढ पाहिला, तपकिरी पायपिंग पाहिली. "कधी केलीत?"

"तू गेल्यावर. आतला फोम बघितला." त्यानं गुडघ्यावर हात ठेवले. "तुझा गुडघा किती वर्षं दुखतोय?"

"फोमनं सांगितलं वाटतं."

"हो."

"बरं झालं. त्याचं तरी ऐकता तुम्ही." पण हे म्हणताना तिनं वळण चुकवलं आणि गाडी नको त्या रस्त्याला गेली.

"राहशील?" त्यानं विचारलं.

"पोरगी कामावर जाते. बाळाला कोण बघणार? दुपारची गाडी आहे माझी."

"मग?"

तो 'बघू'ची वाट बघत होता.

"बाळ पाळणाघरात राहण्याएवढं झालं की येते. उन्हं तापायला लागतील तोवर," ती म्हणाली. "तेव्हा सेल्फवर लागते ना ही?"

"तेव्हा लागते."

"मग तेव्हा या स्टँडवर."

घरी येऊन तिनं खालचा खण उघडला. स्वेटर घेतला, मोजे घेतले, शाल घेतली. मग दारामागच्या खुंटीवरचा त्याचा जुना कोट काढला, ज्यात ती धक्का द्यायची. "हा पण नेते. आहे तुमचा, पण बसतो मला." दुपारी गाडी सेल्फवर लागली, सकाळच्या फेरीनं आणि जरा उन्हानं. ती शेजारच्या सीटवर बसली, एकदा इकडं सरकली, एकदा तिकडं, आणि मग सरळ बसली. दोन्ही कुशींवर सारखी. स्टँड येईस्तोवर तशीच. उतरताना तिनं पायपिंगवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "शिवण चांगली आहे." बस हलल्यावर तिनं खिडकीतून हात केला की रुमाल सारखा केला, हे त्याला धड दिसलं नाही.

परत येऊन त्यानं गाडी उताराकडं तोंड करून लावली. उतरायच्या आधी शेजारच्या सीटवर हात ठेवून पाहिला. अजून ऊब होती. ती ऊब जाईपर्यंत तो बसून राहिला. घरात खुंटी रिकामी दिसली, तेव्हा त्यानं अंगातला कोट काढून तिथं अडकवला. तेवढ्यानं गारठला, म्हणून पुन्हा चढवला.

बसड्रायव्हरची सीट अजून उताणीच होती. सीटवाला मशीनशी बसला, बॅटरीचं जाकीट मांडीवर घेतलं आणि ब्लेडच्या टोकानं कॉलरचा पहिला टाका उसवला. रेक्झिन नवं होतं, वाया घालवण्यात अर्थ नव्हता. ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला नेमका तेवढाच तुकडा लागणार होता. खिसा त्यानं शेवटी ठेवला. दोरा सुटेना, तेव्हा दातानं धरून ओढला आणि दिवा जवळ घेतला.